डाव्या टाचेचं इंग्रजी

मला इंग्रजी येत नाही. माझ्या डाव्या टाचेला येतं.

हे मी विनोदानं सांगत नाही. बारामतीच्या जळोचीत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. फोनवर बोलताना ‘ॲप्लिकेशन’, ‘इलेक्ट्रिसिटी’ असा एखादा लांबलचक शब्द आला, की मला न विचारता माझी डावी टाच फरशीवर आपटते. शब्दाच्या सुरुवातीला नाही, शेवटीही नाही. मधे कुठंतरी, पण ठरलेल्या जागी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एकदा आमच्या हिला विचारलं, “तुमच्याकडे रोज नारळ फोडतात का हो?”

ही म्हणाली, “नाही हो, आमचे हे इंग्लिश बोलतात.”

टाच आपटणारा मी एकटाच असतो, तर डॉक्टरला दाखवलं असतं. पण बारामतीत माझ्यासारखे बरेच आहेत. मागे बँकेत गेलो होतो. समोरचा साहेब, टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर, मला म्हणाला, “व्हेरिफिकेशन करावं लागेल.” आणि टेबलाखाली टक् झालं. मी वाकून हळूच विचारलं, “सरांच्या क्लासला होता का?”

साहेब लाजला. “कुठली बॅच तुमची?”

म्हटलं, “साहेब, आपली सगळ्यांची बॅच एकच. नापासांची.”

तर हे ते सर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीला एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते, आणि कारखान्यात चिकटायचं तर निदान दहावी पास पाहिजे अशी अट आली होती. ज्यांना आजवर दहावीची गरज पडली नव्हती, अशा थोराड लोकांना अचानक पडली. मी विशीत होतो. इंग्रजीत किती वेळा नापास झालो ते मला नीट सांगता यायचं, कारण गणितात मी पहिल्याच झटक्यात पास झालो होतो. माझ्याबरोबर शकील होता. त्याच्या अब्बांचं चपलांचं दुकान, तो गल्ल्यावर बसायचा. मोरगावचा एक शेळ्यांचा व्यापारी होता, त्याला नातवंड झालेलं. अशांसाठी सरांनी एका शाळेच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळचा क्लास सुरू केला होता. सर दिवसा त्याच शाळेत शिकवत. राहायला इंदापूरला. रोज सकाळी एसटीनं यायचे आणि संध्याकाळी क्लास सुटला की एसटीनं जायचे.

बुटके, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात खडू. पाहिल्यावर वाटावं की हे ग्रामपंचायतीत पाणी सोडत असतील. पण चालायला लागले की माणूस वळून बघायचा, कारण त्यांच्या एकाच पायाचा आवाज यायचा. टक्, मग काही नाही, मग टक्. डाव्या चपलेच्या टाचेला त्यांनी लोखंडी नाल मारून घेतला होता. शकीलच्याच दुकानात. शकीलच्या अब्बांनी विचारलं होतं, “मास्तर, उजवीला नको?”

सर म्हणाले होते, “नको. उजवी मराठी हाय.”

सरांचं सगळं इंग्रजी या नालावर उभं होतं. शब्द कितीही लांब असो, त्याच्या एकाच तुकड्यावर जोर येतो, आणि तो जोर तोंडानं येत नाही, पायानं येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. “तोंड लबाड असतं,” ते म्हणायचे. “पाय खोटं बोलत न्हाय.”

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलंच नाही. विचारलं, “संध्याकाळची इंदापूर गाडी बघितलीय का?”

“बघितलीय सर.”

“तिघांच्या बाकावर बसत्यात किती?”

“पाच.”

“पाचीजण सारखं बसत्यात?”

मोरगावचे शेळीवाले काका म्हणाले, “न्हाय की. एक कुणीतरी धष्टपुष्ट ऐसपैस बसतो. बाकीचे अंग चोरून.”

“झालं,” सर म्हणाले. “इंग्रजी शब्द म्हंजी संध्याकाळची इंदापूर गाडी. एकजण ऐसपैस, बाकीचे अंग चोरून. आपण मराठी माणसं काय करतो? पंगतीची सवय. आलेल्या सगळ्या अक्षरांना सारखं पान वाढतो. क, म्यु, नि, के, शन, बसा, जेवा. इंग्रजीत पंगत नसती.”

मग फळ्यावर लिहिलं ‘कम्युनिकेशन’ आणि टाच आपटली. क-म्यु-नि-के-शन. ‘के’वर टक्. ‘के’ ऐसपैस बसला. बाकीचे खिडकीला चिकटले.

लांब शब्दाला आम्ही घाबरायचो. मी तर वर्तमानपत्रातही लांब शब्द दिसला की खालच्या ओळीवर उडी मारायचो. सरांनी एकदा क्लासला अख्खा ऊस आणला. खांद्यावर घेऊन, एसटीतून. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा आख्खा तोंडात कोण घालणार?”

कुणी हललं नाही.

“मग शब्द कशाला घालताय? कांडी कांडीनं खावा. आन् हरेक कांडीला डोळा असतो का न्हाय? डोळा नसंल तर ती कांडी लावून उगवंल का?”

उसाच्या गावात हे सांगायची गरज नव्हती. “न्हाय,” सगळे म्हणाले.

“तसं शब्दाच्या हरेक कांडीला एक स्वर. स्वर म्हंजी डोळा. आधी डोळे हुडका, मग तोडा.”

आणि चाकूनं त्यांनी उसाचे पाच तुकडे केले, ‘इलेक्ट्रिसिटी’चे. इ, लेक, ट्रि, सि, टी. त्या संध्याकाळी आम्ही ‘इलेक्ट्रिसिटी’ चावून खाल्ली. मानाची कांडी ‘ट्रि’, ती सरांनी स्वतःला ठेवली. माझ्या वाट्याला ‘टी’ आली, शेंड्याची, पाणचट. माझं नशीब इंग्रजीत कायम शेंड्याचंच.

जोराला सर ‘मान’ म्हणायचे. गावच्या जत्रेत जसा पहिला नारळ एकाचाच, तसा शब्दात मानकरी एकच. पण गंमत पुढे होती. शब्दाला शेपूट जोडलं की मान हलतो. “कम्युनिकेट म्हणा. मान ‘म्यु’चा. आता मागनं शन आलं. शन म्हंजी पाहुणा. पाहुणा स्वतः मान घेत न्हाय, पण ज्याच्या शेजारी बसतो त्याला देऊन जातो. ‘म्यु’चा मान गेला ‘के’कडं.”

“मग ‘म्यु’ रुसत नाही का?” शकीलनं विचारलं.

“इंग्रजीत भाऊबंदकी नसती,” सर म्हणाले. “म्हणून तर त्यांनी एवढं राज्य केलं.”

हे सगळं ते क्लासपुरतं ठेवते तर ठीक. पण सर चोवीस तास सरच होते. एका विद्यार्थ्याच्या लग्नात ते स्टेजवर चढले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणाले. मान ‘ले’चा. स्टेज फळ्यांचं होतं. ‘ले’वर टाच पडली, कडेचा हॅलोजन दिवा डोलला आणि फोटोग्राफर मंगळसूत्राऐवजी दिवा धरायला धावला. त्या अल्बममध्ये पुढचा फोटो थेट जेवणाचा आहे.

आता हेडसरांचं सांगतो. शाळेचे मुख्याध्यापक. उंच, शांत, कडक इस्त्रीचे. आमचा क्लास वर चालायचा, आणि बरोब्बर त्याच्याखाली त्यांचं ऑफिस. संध्याकाळी ते तिथं चहा घेत बसत. वर आम्ही सगळे घोडे एकदम ‘शन’च्या शेजाऱ्याला मान द्यायचो. खाली छताचा पोपडा पडायचा.

एके दिवशी ते कपबशी घेऊनच वर आले. चहावर चुना तरंगत होता.

“सर, हे बघा.”

सरांनी कपात डोकावून पाहिलं. “कुठल्या शब्दाला पडलं?”

“मला काय माहीत?”

“न्हाय, एकदम पडलं का थोडंथोडं? एकदम पडलं असंल तर पोरं वेळेवर आपटत्यात.”

हेडसर हसले नाहीत. म्हणाले, “सर, मीही पूर्वी इंग्रजी शिकवलंय. न आपटता. तुम्ही कधी कुठल्या गोऱ्या माणसाशी बोललाय का? त्याला हे तुमचं समजतं का?”

सर खडू हातात फिरवत राहिले. हेडसर खाली गेले तरी त्यांनी पुढचा शब्द घेतला नाही. क्लास लवकर सोडला.

आता इथं मी माझं तोंड उघडलं. माझे मामा वडगाव निंबाळकरला. गोठ्यात संकरित गाई. त्या आठवड्यात दूध घेणाऱ्या डेअरीनं एक परदेशी तज्ज्ञ आणायचा ठरवला होता. तो मामांचा गोठा बघणार, गाई गाभण का राहत नाहीत ते सांगणार. भाषांतर करायला पुण्याहून एकजण येणार होता, त्याच्या घरी ऐन वेळी साखरपुडा निघाला. मामा कपाळाला हात लावून बसलेले. मी म्हटलं, “मामा, आमच्या सरांना इंग्रजी येतं की. लांब लांब शब्द येतात.”

मामा म्हणाले, “भाचे, तू नापास हायेस. तुझ्या सरांचं काय सांगतोस?”

तरी त्यांनी बोलावलं. हेडसरांच्या कानावर गेलं. ते सरांना म्हणाले, “मीही येतो. त्याला तुमचं बोलणं समजलं, तर पुढे खुशाल आपटा. नाही समजलं, तर सोमवारपासून वर्गात पाय उचलायचा नाही. कबूल?”

“कबूल,” सर म्हणाले.

मग चार संध्याकाळी आम्ही गाईंचंच इंग्रजी केलं. व्हॅक्सिनेशन. लॅक्टेशन. आर्टिफिशियल इन्सेमिनेशन. यातल्या शेवटच्या शब्दाला सर लालबुंद झाले. कुणीतरी मुद्दाम अर्थ विचारला. सर खडूकडे बघत म्हणाले, “अर्थ गोठ्यात कळंल.”

शेळीवाले काका म्हणाले, “सर, लाजता कशाला? आमच्याकडं रोज हेच चालतंय. आमाला फक्त मान कुठं द्यायचा ते सांगा.”

रविवारी आम्ही एसटीनं वडगावला निघालो. निम्मा क्लास आला होता. शकील पुढे, मी सरांच्या शेजारी. सरांनी नवा शर्ट घातला होता आणि नाल चकचकीत करून घेतला होता. पण चेहरा उतरलेला. बराच वेळ बाहेरचा ऊस बघत बसले. मग म्हणाले, “गड्या, हेडसरांचं खोटं न्हाय. मी आजवर एकाही गोऱ्याशी बोललो न्हाय.”

“मग सर, मान कुठं द्यायचा ते कळलं कसं?”

“डिक्शनरीत. शब्दात मानाच्या कांडीआधी बारीक उभी रेघ असती. ती बघत बघत शिकलो. इंदापूर ते बारामती, बारामती ते इंदापूर. गाडीत एवढा गलका, ऐकू कुणाला येतंय, म्हणून पाय आपटायचो. आयुष्य गेलं त्या रेघंवर.” थोडं थांबून म्हणाले, “ती रेघ खरी हाय का न्हाय, आज कळंल.”

मला रेघेतलं काय कळणार? मी ‘टी’ची कांडी खाल्लेला माणूस.

मामांच्या गोठ्यापाशी पाहुणा आधीच आला होता. लालगोरा, एवढा उंच की मामांच्या गोठ्यात त्याला वाकून उभं राहावं लागत होतं. पण त्यानं एक भानगड आणली होती. आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपली चपला-बुटं बाहेर काढायची, त्यानं आणलेले रबरी गमबूट घालायचे, औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि मगच आत. बाहेरचा रोग आत जायला नको. जोड मोजकेच. मामा, हेडसर आणि सर आत गेले. आम्ही बाहेर दगडी ओट्यावर उभे. सरांची चप्पल ओट्यावर आमच्या पायाशी.

सरांना जो जोड मिळाला तो पाहुण्याच्या मापाचा असावा. गुडघ्याच्या वर गेला. आत चालताना ते स्वतः पुढे जात आणि बूट मागून येत.

सुरुवात बरी झाली. पाहुणा बोलला, सरांनी मान हलवून मामांना मराठीत सांगितलं, “वैरण किती घालता विचारतोय.” मामांनी हेडसरांकडे अशा नजरेनं बघितलं की काय म्हणत होता तुम्ही. मग मामा म्हणाले, “गुरुजी, त्याला सांगा, दोनदा इंजेक्शननं भरवली, गाय गाभण ऱ्हात न्हाय.”

सरांनी श्वास घेतला. आर्टिफिशियल म्हणायला लागले आणि सवयीनं टाच आपटली.

खाली ओलं शेण. वर रबर. आवाज आला ‘फच्’.

सर थबकले. पुन्हा म्हणाले. पुन्हा फच्. तिसऱ्यांदा त्यांनी पाय न उचलताच म्हणून बघितलं आणि सगळा शब्द पंगतीला बसला. आर, टि, फि, शि, अल. सगळ्यांना सारखं पान. पाहुणा वाकून, कान पुढे करून म्हणाला, “सॉरी?”

सरांनी दुसरा शब्द घेतला. तोही तसाच. “सॉरी?”

मामा म्हणाले, “गुरुजी, जरा मोठ्यानं बोला.” म्हैस आडवी गेल्यावर ड्रायव्हर बोलतो तसं सर मोठ्यानं बोलले. पाहुण्यानं विनयानं स्मित केलं. हेडसरांनी हात पाठीमागे बांधले आणि वर पत्र्याकडे बघायला लागले. सरांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्यांनी आमच्याकडे बघितलं. मला अजून ती नजर आठवते. गाडी सुटल्यावर स्टँडवर उरलेल्या माणसाची.

शकील चपलांच्या दुकानातला. आम्हा बाकीच्यांना सरांचा चेहरा दिसत होता, त्याला पाय दिसले. त्यानं खाली वाकून सरांची डावी चप्पल उचलली, हातमोज्यासारखी हातात घातली आणि म्हणाला, “सर, पुन्हा म्हणा.”

सर म्हणाले, “आर्टि...”

टक्. ‘फि’वर. नाल दगडावर वाजला.

“...शियल,” सरांनी पुरं केलं. त्यांची मान वर आली. “इन्-से-मि...”

टक्.

“...शन.”

पाहुण्याचा चेहरा उजळला. “आ,” तो म्हणाला आणि बोटं वर करून मामांना विचारलं, किती वेळा? मग तो बोलायला लागला, सर बोलायला लागले, आणि ओट्यावरून आम्ही सगळे साथीला. शकीलच्या हातात चप्पल, आमची टाच.

मीही जोरात होतो. एवढा जोरात, की सर ‘व्हॅक्सिनेशन’ म्हणायला गेले तेव्हा मी उत्साहाच्या भरात पहिल्याच कांडीवर आपटली. ‘व्हॅक्’वर. एकट्यानं.

सर बोलायचे थांबले. पाहुणा तिथंच, मामा तिथंच, गाय तिथंच. सर मागे वळले आणि गोठ्यातून माझ्याकडे बोट करून म्हणाले, “मागनं कोण आलंय?”

“शन, सर.”

“मान कुणाला?”

“शेजारच्याला. ‘ने’ला.”

“मग त्याच्या आधीच नारळ फोडतोस? जत्रा अजून वेशीबाहेर हाय. पुन्हा.”

मी पुन्हा आपटली, बरोबर. सर “हां” म्हणाले आणि पाहुण्याकडे वळले. त्यानंतर त्यांना टाचेची गरज राहिली नाही. आम्ही थांबलो तरी ते बोलत होते, शेणात उभे राहून, गुडघ्यावरचे बूट घालून, आणि पाहुणा मान हलवत होता. माझ्या आयुष्यात माझ्या चुकीचा कुणाला इतका उपयोग झालेला दुसरा प्रसंग मला आठवत नाही. आमच्या हिलाही आठवत नाही, मी विचारलंय.

निघताना सरांनी पाहुण्याला त्याचा गाव विचारला. तेव्हा कळलं की तो इंग्रज नव्हेच. हॉलंडचा. आम्हाला तेव्हा गोरा म्हणजे इंग्रज. मला वाटलं, सर आता हिरमुसतील. पण परतीच्या एसटीत ते भलतेच खूश होते.

“म्हंजी त्यालाबी शिकावंच लागलं असणार,” ते म्हणाले. “त्यानंबी ती रेघ कुठंतरी बघितली असणार. तो तिकडनं आला, मी इंदापुरातनं. गाठ पडली रेघंवर.” आणि पत्र्यावर टाच आपटून म्हणाले, “खरी हाय रं रेघ.” कंडक्टरला वाटलं गाडी थांबवायचीय. त्यानं बेल मारली. मधेच, उसाच्या रानात, गाडी थांबली. कुणीच उतरलं नाही.

हेडसर पुढच्या बाकावर होते. उतरताना म्हणाले, “सर, सोमवारी शिपायाला जरा लवकर बोलावतो. माझं टेबल खिडकीकडे सरकवून घेतो.”

ऑक्टोबरला मी पास झालो. काठावर. परीक्षा लेखी होती, टाचेला मार्क नव्हते. असते तर बोर्डात आलो असतो.

परवा इंदापूरला एका लग्नाला गेलो होतो, मी आणि ही. परतताना सरांकडे गेलो. सर रिटायर होऊन जमाना झाला. केस पांढरे, बाकी तेच. अंगणात नातवानं झोपाळा बांधून दिलाय, त्यावर बसले होते. मला ओळखलं. हिला म्हणाले, “हा ‘व्हॅक्’वर आपटणारा.” म्हणजे माझी इतकीच ओळख उरलीय. चहा झाला. ही म्हणाली, “सर, आता दिवसभर काय करता?”

“काही न्हाय,” सर म्हणाले. “हे आपलं रि-टा...”

आणि त्यांचा डावा पाय हवेत हलला. ते बुटके, झोपाळा उंच. पाय जमिनीपर्यंत पोचेना. शब्द तिथंच अडकला.

मी खुर्चीत बसल्या बसल्या टाच आपटली. टक्.

“...यरमेंट,” सर म्हणाले, आणि झोका घेतला. “आता बरोबर आपटलीस.”

परतताना गाडी मी चालवत होतो, ही शेजारी. मला वाटलं, आता फरशी, वहिनी, नारळ, सगळं निघणार. बारामतीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाली, “ते मधल्यावरच का हो? रि-टायर-मेंट?”

“तिथं मान असतो.”

“हं.” मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच, पुन्हा एकदा म्हणाली. गाडीच्या तळाला टक् वाजलं.

माझे दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर होते.